त्याच पटावर, दुसऱ्या वाटेने

मंडळी, समोरच्या बुद्धिबळाच्या पटावर एक डाव दोनदा मांडू. आधी डी४, घोडा एफ६, सी४, ई६, घोडा सी३, डी५. आता पट नव्याने लावून सी४, ई६. घोडा सी३, डी५. डी४, घोडा एफ६. दुसऱ्या डावाची सुरुवात इंग्लिश ओपनिंगची, तरी पोहोचलो एकाच ठिकाणी: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या ओपनिंग बुकात, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांच्या साठ्यात, नुसत्या खेळ्यांच्या ओळी लिहिल्या, तर दुसऱ्या वाटेने आलेल्या प्रोग्रामला आपलंच पुस्तक उघडता येत नाही. म्हणून पुस्तकाची किल्ली, म्हणजे नोंद शोधायचा ओळख-आकडा, पटावरच्या स्थितीवरून बनवतात.

ही किल्ली बनवायची युक्ती अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी 1970 मध्ये मांडली. मला ती आजही फार सुंदर वाटते. दोन रंगांचे मिळून 12 प्रकारचे मोहरे, घरं 64. प्रत्येक जोडीला 64 बिटांचा एक यादृच्छिक आकडा द्यायचा आणि पटावर असलेल्यांचे आकडे एक्सऑरने, म्हणजे बिटाला बिट ताडून मिसळायच्या क्रियेने, एकत्र करायचे. घोडा हलला की जुन्या घरचा आकडा पुन्हा एक्सऑर करायचा, तो निघून जातो. मग नव्या घरचा मिसळायचा. क्रम कुठलाही असो, उत्तर तेच.

पॉलीग्लॉट या बुकाच्या प्रचलित स्वरूपात असे 781 आकडे आहेत. 768 मोहऱ्यांचे. उरलेल्या 13 मध्ये चार कॅसलिंगच्या (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याच्या) हक्कांचे, आठ एन पासांचे (दोन घरं पुढे गेलेलं प्यादं शेजारच्या शत्रूच्या प्याद्याने लगेच मारण्याचे), एक कोणाची पाळी आहे त्याचा. खरी अडचण या तेरांत असते. हत्ती हलून परत घरी आला तर पट तसाच दिसतो, पण त्या बाजूचं कॅसलिंग गेलेलं असतं. एन पासांचं उलटं आहे. डी४, घोडा एफ६, घोडा एफ३ आणि घोडा एफ३, घोडा एफ६, डी४ या वाटांनी तीच स्थिती येते. पण दुसरीत शेवटी प्यादं दोन घरं गेलं म्हणून एन पासांचा आकडा मिसळला, तर किल्ली उगाच वेगळी पडते. म्हणून पॉलीग्लॉट तो आकडा शत्रूचं प्यादं शेजारी उभं असेल तरच धरतं.

बुकाबाहेर पडल्यावर प्रोग्राम पुढच्या खेळ्या शोधतो, त्यातही हेच तंत्र. एमआयटीतल्या रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या मॅक हॅक या बुद्धिबळ प्रोग्राममध्ये 1960च्या दशकातच तपासलेल्या स्थितींचा तक्ता होता. त्याची ताकद लास्कर-राइखहेल्म यांच्या 1901 च्या प्रसिद्ध स्थितीत दिसते. सातही प्यादी अडलेली, हलतात फक्त राजे. प्यादी जागेवर असेपर्यंत पाळी धरूनही स्थिती 64 × 64 × 2, म्हणजे 8192 च्या आतच. तिथे जाण्याच्या वाटा मात्र अगणित. तक्ता असेल तर राजा बी१ ही खेळी झटकन सापडते.

एका ठिकाणी मात्र वाट विसरून चालत नाही. तक्त्यात जिंकलेली म्हणून नोंदलेली स्थिती तिसऱ्यांदा आली, तर प्रतिस्पर्धी बरोबरी मागू शकतो, आणि किल्लीला हे कळत नाही. म्हणून प्रोग्राम डावातल्या किल्ल्यांची वेगळी यादी ठेवतो. ती मागे तपासायची फक्त शेवटचा मोहरा मारला गेला त्या खेळीपर्यंत किंवा शेवटच्या प्याद्याच्या खेळीपर्यंत, कारण त्याआधीचा पट पुन्हा येऊच शकत नाही.