लांडगा कुठे ठेवायचा?

मंडळी, आधी तंबोरा ऐकू. खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने तिच्यातूनच गंधार उमटतो. तो कुणी लावलेला नसतो, म्हणून आपण त्याला स्वयंभू म्हणतो. आता हा तंबोरा पांढरी एकमध्ये, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात लावलाय असं समजा आणि नेहमीच्या पद्धतीने जुळवलेल्या पियानोवर पांढरी तीन दाबा. पियानोचा गंधार जवळजवळ 14 सेंट चढा निघतो. सेंट म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मधल्या सप्तकात एक आणि तीन एकदम दाबल्या तर सेकंदाला दहा लाटा ऐकू येतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो. पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात. आपल्या कानांना त्यांची इतकी सवय झाली आहे की त्या आता जाणवतही नाहीत.

यात दोष जुळवणाऱ्याचा नाही, तो आकड्यांतच आहे. पांढरी एकपासून शुद्ध पंचमाने चार पायऱ्या चढा: पाच, दोन, सहा, तीन. दर पायरीला कंपनं दीडपट होतात. चार वेळा दीडपट केलं की येतात 81/16. स्वयंभू गंधार दोन सप्तकं वर नेला तर तो पाचपट, म्हणजे 80/16. या 81 आणि 80 मधल्या फरकाला कॉमा म्हणतात. तो साधारण 21.5 सेंट भरतो. चारही पंचम शुद्ध ठेवले तर गंधार बिघडतो आणि गंधार शुद्ध ठेवला तर पंचमांना थोडं उतरावं लागतं.

सोळाव्या शतकातल्या इटलीने गंधार निवडला. संगीतशास्त्रज्ञ पिएत्रो आरोन यांनी 1523 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात सांगितलं की पहिला गंधार जितका गोड लागेल तितका लावा आणि मधले पंचम सारखेच उतरवा. कॉमाचे चार वाटे केले आणि एकेका पंचमाला एकेक वाटा दिला. यात पांढरी दोन ही एक आणि तीन यांच्या नेमकी मध्यावर येते, म्हणून या पद्धतीचं नाव मीनटोन (मीन म्हणजे मध्य).

हे हाताने कसं होतं ते सांगतो, कारण मला त्यातच खरा आनंद मिळतो. पियानोत मधल्या सप्तकांत एका सुराला तीन तारा असतात. फेल्टची पट्टी खोचून बाजूच्या तारा गप्प करायच्या, मधली तेवढी बोलती ठेवायची. ट्यूनिंग फोर्कवरून (ठरलेला सूर देणाऱ्या चिमट्यावरून) पांढरी एक लावायची आणि मग पांढरी तीन तिच्याशी जुळवायची. लाटा आधी भरभर येतात, मग मंद होतात, मग एक लाट लांबत लांबत जाते आणि थांबते. दोन सूर एकमेकांत मिसळून जातात. इतकी वर्षं हे करतोय, तरी त्या क्षणी अंगावर काटा येतो. नंतर पांढरी पाच. ती आधी शुद्ध लावायची आणि मग पाच सेकंदांत बारा लाटा येईपर्यंत उतरवायची. तार ताणणारी पिन किती फिरली हे डोळ्यांना दिसत नाही, ते मनगटालाच कळतं. तार किंचित चढी घेऊन खाली बसवली तर सूर टिकतो.

असे अकरा पंचम लावून होतात. बारावा आपोआप उरतो, काळी चारपासून वरच्या काळी दोनपर्यंतचा. तो शुद्ध पंचमापेक्षा जवळजवळ 36 सेंट चढा असतो आणि अक्षरशः विव्हळतो. म्हणूनच युरोपात त्याला लांडगा म्हणतात. संगीतकार त्याच्या वाटेला जात नसत. काही इटालियन वाद्यांत तर काळी पट्टी दुभंगलेली असे. पुढचा तुकडा एका सुरासाठी, मागचा दुसऱ्यासाठी.

क्रिस्तोफोरींनी फ्लॉरेन्समध्ये 1700 च्या सुमारास पियानो घडवला. लंडनच्या ब्रॉडवुड या पियानोच्या कारखान्यात मात्र बाराही अंतरं सारखी ठेवण्याची, म्हणजे आजची नेहमीची पद्धत तिथल्या हिपकिन्स यांनी 1846 साली आणली, अशी नोंद इंग्रज अभ्यासक एलिस यांनी केली आहे. सेंट हे मापही एलिस यांचंच. हा झगडा आपल्याही घरात झाला. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपले सूर मावत नाहीत, म्हणून कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर काम करून 1910 साली पुस्तक काढलं.

आता माझं मत. फ्रेस्कोबाल्दी किंवा फ्रोबर्गर हे सतराव्या शतकातले संगीतकार वाजवायचे असतील तर एकदा तरी पियानो असा लावून ऐकाच. एकोणिसाव्या शतकातल्या शोपाँसाठी लावू नका. त्याला काळ्या पट्ट्या मोकळेपणाने लागतात आणि तिथे लांडगा बसलेला असतो. पांढरी सहा जागेवर ठेवली तर काळी दोन 20 सेंट चढवावी लागते आणि तारेवरचा ताण सव्वादोन-अडीच टक्क्यांनी वाढतो. एका जुन्या, गंजलेल्या पियानोवर मला मोह आवरला नाही आणि तार तुटली. तेव्हापासून आधी तारा तपासतो, मगच हो म्हणतो. नेहमीच्या जुळणीवर परत आणायलाही एका फेरीत भागत नाही, दोन लागतात.

हा पियानो आज सकाळी मी मीनटोनमध्ये लावला आहे. आता पांढरी एक आणि पांढरी तीन एकदम दाबतो. लाटा मोजून पाहा.