पन्नाशीतली कंबर

नमस्कार श्रोतेहो.

बेली डान्स हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि मी आता पन्नाशीकडे झुकले आहे. कार्यक्रमाची सुपारी ठरवायला आयोजकांचा फोन येतो, तेव्हा हल्ली तारीख आणि जागा सांगून झाली की लगेच वय विचारतात. मग म्हणतात, ‘अलीकडचा फोटो पाठवा.’ नाचाचा व्हिडिओ पुष्कळदा मागतच नाहीत. नाचणारी बाई फोटोवरून ठरवायची, ही रीत मला अन्यायाची वाटते. ती का वाटते, ते आज सांगते.

या नाचातल्या बाईचं पोट सपाट आणि उघडं असावं, असं लोकांनी धरून ठेवलंय. पण इजिप्तमधल्या जुन्या घवाझी नर्तकी अंगभर कपड्यांत नाचत. चोळी आणि कमरपट्टा असा दोन भागांचा चमचमता पोशाख रुळला तो विसाव्या शतकात. बदिया मसाबनी यांनी 1926 साली कैरोत आपलं नाट्यगृह काढलं आणि हा नाच मोठ्या रंगमंचावर आणला, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे उघड्या पोटाचं हे चित्र जेमतेम शंभर वर्षांचं. खुद्द इजिप्तमध्ये सरकारी नियमामुळे नर्तकी पोटावर जाळीचं कापड लावून नाचत आल्या आहेत, आणि त्याने नाच कुठेही उणा पडलेला नाही.

बदियांच्याच मंडळीतून सामिया गमाल आणि तहिया कारिओका पुढे आल्या. सामियांनी 1972च्या सुमाराला नाच थांबवला होता. पुढे त्या परत रंगमंचावर आल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नाचल्या, म्हणजे जवळजवळ साठीपर्यंत. तहियांनी नाच सोडून अभिनयाची वाट धरली, शरीराने त्या चांगल्याच भरल्या, आणि तरी लोकांचा त्यांच्यावरचा जीव कमी झाला नाही. फिफी अब्दू आणि दिना या इजिप्तच्या नर्तकी तर आपल्या डोळ्यांसमोरच्या. पन्नाशी उलटल्यावरही दिनांचे कार्यक्रम झाले आहेत.

‘वय हा फक्त आकडा आहे’ असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. त्या वाक्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. पाळी थांबायच्या सुमाराला चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते. वजन तेवढंच राहतं, पण कमरपट्टा पूर्वीच्या जागी बसत नाही. आणि एक गोष्ट आम्ही मेकअपच्या खोलीतसुद्धा दबक्या आवाजात बोलतो: जोराची शिमी, म्हणजे कंबर थरथरवणं, करताना लघवीचा थेंब गळणं. बाळंतपणं झालेल्या, वय वाढलेल्या कितीतरी बायकांना हा त्रास असतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात आणि पुष्कळजणींना फरक पडतो. लाजेपायी कुणी नाच सोडू नये, म्हणून हे रेडिओवरून मोठ्याने सांगते आहे.

शिमी म्हणजे कंबरेचा तो अखंड कंप. तरुणपणी तो आम्ही गुडघ्यांतून काढतो. गुडघे आळीपाळीने झपाझप वाकवायचे आणि सरळ करायचे. वाट्या कुरकुरायला लागल्या की तोच कंप नितंबांच्या स्नायूंतून काढायला शिकावं लागतं. एक बाजू आवळायची, सोडायची, मग दुसरी. सुरुवातीला वेग येत नाही, रडू येतं. पण एकदा जमलं की वरचं शरीर इतकं स्थिर राहतं, की समोरच्याला कळतही नाही हा थरकाप निघतो कुठून.

आणि तक्सीम! त्यात ठेका थांबतो आणि एकच वाद्य, ‘कानून’ नावाचं तारवाद्य किंवा ‘ने’ नावाची बासरी, आपल्या मनाने आलापासारखं वाजत राहतं. नर्तकीने जागचं हलायचं नाही. कंबरेने आडवा आठ काढायचा, इतका सावकाश की सूर लांबला तर आठही लांबला पाहिजे. वादक कुठे श्वास घेणार, हे कानाला आधी कळावं लागतं. विशीतल्या मुलींना मी हे शिकवते तेव्हा त्या सूर संपायच्या आत आठ पुरा करून मोकळ्या होतात. त्यांच्याकडे ताकद खूप असते, पण थांबायचा धीर नसतो. तो यायला वर्षंच जावी लागतात. म्हणूनच या नाचात वय वाढणं नुसतं घटवणारं नाही, असं मी छातीठोकपणे म्हणते.

पोशाखाचं म्हणाल, तर मण्यांनी मढवलेला जुना पट्टा ओढूनताणून घालत बसू नका. त्याच्या शिवणी उसवा, मध्ये पट्टी घाला. पोट झाकावंसं वाटलं तर जाळी लावा, न वाटलं तर उघडं ठेवा. सुटलेलं पोट लाटेसारखं फिरतं तेव्हा ती लाट शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. ते पोट आत ओढून धरलं तर श्वास अडकतो, आणि श्वास अडकला की कंबर लाकडासारखी होते.

आता आयोजकांना विनंती. फोटो मागा, हरकत नाही, पण त्याआधी सलग नाचाचा, कापाकापी न केलेला व्हिडिओ मागा. वाद्यवृंद असेल तर तालमीला वेळ द्या. मानधन ठरवताना अनुभवाचे पैसे धरा, कारण ऐनवेळी तबलजीने लय बदलली तर सावरून नेणारी तीच असते. आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, होकार द्यायच्या आधी जमीन कसली आहे ते विचारा. लाकडी असेल तर उत्तम. संगमरवर किंवा फरशी असेल, तर पातळ तळव्याचे नाचाचे बूट घाला, उड्या आणि जमिनीवर बसायच्या जागा गाळा आणि तेवढा वेळ तक्सीमला द्या.

नमस्कार.