कोहिमाच्या दोन ओळी

कोहिमाच्या वॉर सिमेट्रीत गेटमधून आत आलं की जवळच ब्रिटिश सैन्याच्या सेकंड डिव्हिजनचं स्मारक लागतं, आणि त्याच्यावरच्या दोन ओळी तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेल्या असणारच. घरी परत जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा, म्हणावं, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला.

या ओळी इथे, दुसऱ्या महायुद्धात, लढलेल्याच कुणीतरी लिहिल्या असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पण त्या पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या आहेत, जॉन मॅक्सवेल एडमंड्स नावाच्या इंग्रजाच्या, प्राचीन ग्रीकचा अभ्यासक होता तो. आणि ग्रीकांत तर ही रीत फार जुनी, इसवी सनापूर्वी ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत जे स्पार्टन पडले त्यांच्या मृत्युलेखातही मेलेला सैनिकच वाटसरूला हाक मारतो, की बाबा रे, आमच्या लोकांना निरोप सांग. म्हणजे बोलणारा गेलेला आणि काम आपल्या गळ्यात. वाचलंत ना, मग आता पोचवा.

थोडं वर या. या पांढऱ्या रेषा दिसतायत ना, हे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट. एप्रिल १९४४ मध्ये याच्या एका कडेला जपानी आणि दुसऱ्या कडेला ब्रिटिश-भारतीय फौज, मधे फक्त हे कोर्ट, टेनिस कोर्ट असतं किती तर ७८ फूट लांब, आणि तेवढ्या अंतरावरून एकमेकांवर हातबॉम्ब टाकत माणसं दिवसचे दिवस तिथेच खंदकात बसून होती.

आणि एक सांगायलाच हवं. त्याच्या आधी, मार्चमध्ये, मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना काही दिवस अडवून धरलं त्या फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. तिथे जपानी खोळंबले म्हणून कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. आपल्याकडे सांगशाक हे नाव किती जणांना माहितीये? मला स्वतःला हे फार लागतं.

या टेकडीवर १,४२० थडगी आहेत, पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली. काही फलकांवर नावाखाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते, आईची, बायकोची, तीही कविताच की. त्या वाचत वाचत अगदी माथ्यावर या, खालच्या दगडाचा फोटो काढून परत फिरू नका प्लीज. इथे ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं, त्यामुळे थडगं नाही, आणि थडगं नाही म्हणून घरच्यांची ओळही नाही. फक्त नावं.

खालचा निरोप यांचाही आहे. आता मी बोलायचं थांबतो, कॅमेरा नावांवरून हळूहळू नेतोय, जेवढी वाचता येतील तेवढी मोठ्याने वाचा.