ताटातलं व्हिनेगर
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: लाकडी पिंपाचं झाकण उघडतं. आत द्रवावर पांढुरकी साय. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ही साय जिवंत आहे.

दुधावरच्या सायीसारखी दिसते, पण बोटानं दाबली तर फाटत नाही, लवते. हिच्यात कोट्यवधी जिवाणू आहेत आणि त्यांनी स्वतःभोवती विणलेलं सेल्युलोजचं जाळं आहे. कापसाचा धागा ज्या द्रव्याचा बनतो, तेच हे द्रव्य. सायीच्या खाली सफरचंदाचा आंबलेला रस आहे, वर हवा आहे. मद्यार्क आणि प्राणवायू जिथे एकमेकांना भेटतात, त्या पातळ थरातच व्हिनेगर तयार होतं.

व्हिनेगरनं रक्तातली साखर आटोक्यात राहते, असं आज अनेकजण सांगतात. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्या, गोळी घ्या, घोट घ्या. या दाव्यांकडे आपण येणारच आहोत. त्याआधी पिंपात काय चाललंय ते नीट पाहून घेऊ, कारण पुढचं सगळं त्या एका आम्लावर उभं आहे.

[दृश्य: सफरचंदं भरडली जातात. चोथ्यावर दाब. रसाची धार.]

रस गोड आहे. त्यात यीस्ट पडतं, किंवा फळाच्या सालीवर असतंच. पिंपाचं तोंड बंद केलं जातं, कारण या टप्प्यात हवा नको असते. यीस्ट रसातली साखर खातं, त्या साखरेचा मद्यार्क करतं, आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येत राहतात.

[दृश्य: बुडबुडे. बराच वेळ. फक्त आवाज.]

बुडबुडे थांबले की गोडवाही संपलेला असतो. रसातली जवळपास सगळी साखर मद्यार्कात गेलेली असते. मधुमेह असलेल्या माणसानं हे ध्यानात ठेवावं. साध्या सफरचंदाच्या किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साखर नावापुरतीच उरते, पण बाल्सामिक प्रकारात द्राक्षाचा आटवलेला रस असतो आणि काही तयार व्हिनेगरांत वरून साखर घातलेली असते. बाटलीचं लेबल वाचायला हवं.

आता पिंपाचं तोंड उघडतं. दुसऱ्या टप्प्याला हवा लागतेच. ॲसेटोबॅक्टर नावाच्या कुळातले जिवाणू मद्यार्काला प्राणवायू जोडतात आणि त्यातून ॲसेटिक आम्ल आणि पाणी तयार होतं. मद्यार्क जितका टक्के, साधारण तितकंच आम्ल.

फ्रान्समधलं ऑर्लेआँ हे शहर कित्येक शतकं या कामासाठी ओळखलं जात होतं. तिथली रीत सोपी, पण फार जपून करायची. पिंप पूर्ण भरायचं नाही, वर हवेला जागा ठेवायची. बाजूला भोकं ठेवायची. तयार झालेलं थोडं व्हिनेगर खालून काढून घ्यायचं, आणि तेवढीच वाइन एका नळीतून थेट तळाशी सोडायची.

[दृश्य: नळी. द्रव तळाशी जातो. वरची साय जागची हलत नाही.]

इथे तेच चाललंय. नळीचं टोक सायीखाली आहे. ओतणाऱ्याचा हात जरा घाईत हलला तर साय मोडून बुडते. बुडलेल्या सायीला हवा मिळत नाही आणि काम थंडावतं. म्हणून हे काम हळूच होतं. आठवडे जातात, कधी महिने.

ही साय म्हणजे सजीवांची वस्ती आहे आणि आम्ल तीच बनवते, हे लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं. हा निव्वळ रासायनिक व्यवहार आहे, असं म्हणणारे त्या काळी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ होते. १८६७ च्या नोव्हेंबरात पाश्चर ऑर्लेआँला गेले आणि तिथल्या व्हिनेगरवाल्यांपुढे त्यांनी व्याख्यान दिलं. पिंपात वळवळणारे बारीक सूतकृमी कामाचे आहेत, असं तिथे मानत. पाश्चर यांनी सांगितलं की हे कृमी सायीशी हवेसाठी भांडतात आणि तिला खाली ढकलतात.

आणखी एक गोष्ट कारागिराला सांभाळावी लागते. मद्यार्क संपला की काही जिवाणू आम्लालाच खायला लागतात आणि त्याचं पाणी नि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. वेळेवर थांबवलं नाही तर तयार झालेलं व्हिनेगर पाणचट होतं. थांबायची वेळ कधी, हे चव घेऊन कळतं.

[दृश्य: कारागीर काचेच्या नळीतून थेंब जिभेवर घेतो. मान हलवतो.]

मोठ्या कारखान्यात हेच काम पोलादी टाकीत होतं. तळातून हवा जोरानं सोडतात, जिवाणू सगळ्या द्रवात तरंगत राहतात, आणि एकदोन दिवसांत व्हिनेगर तयार होतं. पिंपातलं व्हिनेगर चवीला सरस असतं, यात मला तरी शंका नाही. वास, रंग, जिभेवर रेंगाळणारा फळाचा अंश हे सारं त्या संथपणातून येतं. पण साखरेच्या प्रश्नावर टाकीतलं स्वस्त पांढरं व्हिनेगरही तेच करतं, कारण दोन्हींत ॲसेटिक आम्ल एकच आहे.

हे कशावरून? बघा.

[दृश्य: काचेच्या पेल्यात व्हिनेगर. चमच्यातून खाण्याचा सोडा पडतो. फेस काठापर्यंत चढतो, मग बसतो.]

पेल्यात व्हिनेगर होतं. सोडा पडला, फसफसलं, आणि आम्ल मारलं गेलं. पेल्यात आता उरलंय पाणी आणि सोडियम ॲसिटेट. आंबटपणा गेला, पण ॲसिटेट जागेवर आहे.

१९९५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी नेमकं हेच वापरून पाहिलं. निरोगी माणसांना पांढरा पाव आणि सॅलड दिलं. एकदा सॅलडवर साधं व्हिनेगर, ज्यात १ ग्रॅम ॲसेटिक आम्ल होतं. एकदा तेच व्हिनेगर, पण सोडा घालून आम्ल मारलेलं. साध्या व्हिनेगरच्या जेवणानंतर रक्तातल्या साखरेची चढण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी भरली. सोडा घातलेल्या व्हिनेगरचा परिणाम दिसला नाही. माणसं फक्त पाच होती, हे खरं. पण प्रयोगाची मांडणी इतकी स्वच्छ आहे की मला तो आजही या विषयातला सर्वात बोलका प्रयोग वाटतो.

[दृश्य: दंडावरचा सेन्सर. फोनच्या पडद्यावर साखरेची रेघ चढते.]

जेवणानंतर काय होतं ते या रेघेत दिसतंय. पाव, भात, बटाटा यांतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. तोंडातल्या लाळेपासूनच त्या तुटायला लागतात. जठरात घुसळण होते, आणि जठराच्या खालच्या टोकाचं स्नायूंचं दार थोडं थोडं उघडून ते मिश्रण लहान आतड्यात सोडतं. तिथून ग्लुकोज रक्तात. निरोगी शरीरात इन्सुलिन लगेच कामाला लागतं आणि रेघ खाली येते. टाईप २ मधुमेहात इन्सुलिनची हाक पेशींना नीट ऐकू जात नाही, त्यामुळे रेघ उंच जाते आणि उंचच राहते.

आम्ल इथे दोनतीन ठिकाणी आड येतं. लाळेतलं पिष्ट तोडणारं एन्झाइम आंबट वातावरणात मंदावतं. जठराचं ते दार सावकाश उघडतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दुसरं कारण मोठ्या युक्तीनं तपासलं. त्यांनी जेवणाबरोबर पॅरासिटामॉल दिलं. हे औषध जठरात जवळपास शोषलंच जात नाही, लहान आतड्यात गेलं की झटकन रक्तात उतरतं. म्हणजे रक्तात पॅरासिटामॉल किती लवकर दिसतं, यावरून जठर किती लवकर रिकामं होतंय ते कळतं. व्हिनेगर असलेल्या जेवणानंतर ते उशिरा दिसलं, आणि साखरही कमी चढली.

तिसरी गोष्ट स्नायूंची. ग्रीसमधल्या एका अभ्यासात टाईप २ मधुमेहींच्या हाताच्या स्नायूंनी व्हिनेगरनंतर रक्तातलं ग्लुकोज अधिक उचललेलं दिसलं.

[दृश्य: तासाभरानंतरची रेघ. आदल्या दिवशीची रेघ तिच्या मागे फिकट.]

पडद्यावरच्या या दोन रेघा एकाच माणसाच्या आहेत, जेवणही तेच. एकीबरोबर व्हिनेगर होतं, दुसरीबरोबर नव्हतं. बघायला सुंदर आहेत, पण पुरावा म्हणून त्यांच्याकडे बघू नका. आदल्या रात्रीची झोप, चालणं, ताण, कशानंही रेघ बदलते. पुरावा हवा तर नीट आखलेले अभ्यास हवेत.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात कॅरल जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेगल (कड्यासारखा गोल पाव), लोणी आणि संत्र्याचा रस असा नाश्ता, आणि त्याआधी २० ग्रॅम सफरचंदाचं व्हिनेगर पाण्यात मिसळून. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, म्हणजे ज्यांच्यात इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला होता अशा लोकांमध्ये, नाश्त्यानंतरच्या तासाभरात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद ३४ टक्क्यांनी सुधारला. मधुमेह झालेल्यांमध्ये सुधारणा १९ टक्के होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती पक्की ठरली नाही.

याच विद्यापीठाचा २०१० चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो रोजच्या प्रश्नांना उत्तर देतो. किती घ्यायचं? साधारण दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, यानंही जेवणानंतरची साखर उतरलेली दिसली. केव्हा घ्यायचं? जेवताना. जेवणाच्या पाच तास आधी घेतलेलं तितकं उपयोगी ठरलं नाही. कशाबरोबर? पिष्टाबरोबर. नुसत्या साध्या साखरेबरोबर दिलं तेव्हा फरक पडला नाही. ग्रीसमधल्या आणखी एका अभ्यासात कुस्करलेल्या बटाट्याच्या, म्हणजे साखर झपाट्यानं चढवणाऱ्या जेवणात व्हिनेगरचा उपयोग दिसला. साखर मुळातच हळू चढवणाऱ्या जेवणात दिसला नाही.

[दृश्य: उकडलेले बटाटे कापले जातात. व्हिनेगर आणि तेल फेटलं जातं. वाडग्यात मिसळणं, जवळून.]

आता सकाळच्या त्या उपाशीपोटी घोटाकडे बघा. ज्या पिष्टाला अडवायचं ते अजून पोटात आलेलंच नाही. गोळीत किती आम्ल आहे याचा भरवसा नाही. २००५ मध्ये आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा आम्लाचं प्रमाण सुमारे १ टक्क्यापासून १० टक्क्यांच्या वर असं कसंही निघालं. व्हिनेगरची जागा ताटात आहे. सॅलडवर, बटाट्यावर, उकडलेल्या भाजीवर, सॉसमध्ये. तिथे ते आपोआप पातळ होतं, अन्नात मिसळतं, आणि ज्या घासावर काम करायचं त्याच घासाबरोबर जठरात पोचतं. जोडीला भाजी येते, तंतू येतात, ते वेगळंच.

वजनाचा विषय आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलाय. सफरचंदाच्या व्हिनेगरनं वजन उतरतं म्हणून २०२४ मध्ये गाजलेला एक शोधनिबंध २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

[दृश्य: दवाखाना. रक्तदाबाचा पट्टा. डॉक्टर वही चाळतात.]

जपायचं काय, तेही सांगून टाकतो. व्हिनेगर नुसतं पिऊ नका, दातांचं आवरण झिजतं आणि घसा, अन्ननलिका भाजते. मधुमेहामुळे जठर आधीच मंद झालेल्यांना ते आणखी मंद करतं. इन्सुलिन घेणाऱ्या अशा रुग्णांत साखर अचानक पडू शकते. लघवी वाढवणारी औषधं, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. रोज २५० मिलिलिटर, तेही सहा वर्षं पिणाऱ्या एका तरुणीचं पोटॅशियम घसरलं होतं आणि हाडं विरळ झाली होती. आणि आजवरचे बहुतेक अभ्यास छोटे, थोड्या दिवसांचे आहेत, म्हणून औषध सोडून व्हिनेगर धरायचा प्रश्नच येत नाही.

[दृश्य: बाटलीचं लेबल. आम्लता ५ टक्के. चमचा. ताट.]

लेबलवर आम्लतेचा आकडा बघा. बहुतेक बाटल्यांवर ४ ते ६ टक्के असतो. ५ टक्क्यांचं असेल तर दोन छोट्या चमच्यांत अर्धा ग्रॅम आम्ल येतं. दिवसातल्या सर्वात जास्त पिष्ट असलेल्या जेवणात तेवढं घाला, अन्नातच. जेवण झाल्यावर पाण्यानं चूळ भरा, ब्रश लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या.

घरी ग्लुकोमीटर असेल तर तेच जेवण काही दिवस व्हिनेगर घालून आणि काही दिवस न घालता घ्या. पहिल्या घासापासून एक तासानं आणि दोन तासांनी साखर मोजा, आकडे तारखेसह वहीत लिहा. फरक सगळ्यांना सारखा दिसत नाही, काहींना दिसतही नाही. वही पुढच्या तपासणीला बरोबर न्या. गोळ्या कमी करायच्या का, हे डॉक्टर ती वही आणि तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट शेजारी ठेवून ठरवतील.