मंत्रचळ आणि नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत रोज सकाळी असे काही प्रवासी असतात, जे तासभर आधी आवरूनही कामावर उशिरा पोहोचतात. कुलूप लागले की नाही, गॅस बंद केला की नाही, हे पाहण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा जिना चढावा लागतो. कुलूप लागले आहे हे बुद्धीला पटलेले असते, पण शंका मिटत नाही. ओसीडी किंवा मंत्रचळ या आजाराची ही ओढाताण मस्टरवर केवळ लेट मार्क म्हणून उमटते. या माणसांना नोकरी मिळावी कशी आणि, त्याहून कठीण, ती टिकावी कशी, याविषयी मी आज बोलणार आहे.

‘इतका बारकाईने पाहतो, तर त्याला तपासणीचेच काम द्या,’ असा सल्ला अनेक जण सद्भावनेने देतात. मला तो बहुतेक वेळा घातक वाटतो. ही तपासणी आवडीतून नव्हे, भीतीतून होते आणि तिला शेवट नसतो. काम कोणते, यापेक्षा ते कुठे संपते हे स्पष्ट ठरलेले असणे अधिक महत्त्वाचे आहे. अर्थात, एकाला जंतुसंसर्गाची भीती असते, तर दुसऱ्याला आकडा चुकल्याची. म्हणून आधी त्या व्यक्तीलाच विचारावे.

समजा, महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गोदामात एक तरुण मालाचे चलन तयार करतो. बॅच नंबर वाचून तो टिक करतो, पुन्हा वाचतो, पाकीट चिकटवतो आणि शंका आली की तेच पाकीट फोडतो. शेजारच्याला विचारतो, ‘बरोबर आहे ना?’ शेजारी मायेने म्हणतो, ‘हो रे, बरोबर आहे.’ या उत्तराने घटकाभर बरे वाटते, पण पुढच्या चलनाला तोच प्रश्न अधिक जोराने येतो, कारण धीर मिळाल्याखेरीज शंका सोसता येते हे मनाला कधी शिकायलाच मिळत नाही. ओसीडीवरील ईआरपी या उपचारात नेमके हेच शिकवले जाते: भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे, शंका मिटवण्यासाठी पुन्हा तपासण्याची किंवा विचारण्याची नेहमीची कृती करायची नाही आणि अस्वस्थता आपोआप ओसरू द्यायची. म्हणून यादी धरून एकदाच तपासायचे, सही करायची, पाकीट बंद झाले की उघडायचे नाही, आणि प्रश्न आलाच तर सहकाऱ्याने शांतपणे ‘आपले ठरले आहे’ एवढेच म्हणायचे, असा करार त्या तरुणाच्या संमतीने आणि त्याच्या उपचारकाच्या सल्ल्याने करता येतो. मात्र एके दिवशी अचानक धीर देणे पूर्ण बंद करणे हा छळ होईल. घरच्यांनाही हेच लागू आहे.

मालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ओसीडीवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांचा पुरता परिणाम दिसायला साधारणपणे ८ ते १२ आठवडे लागतात. पहिल्या महिन्यातच ‘काही फरक नाही’ म्हणून माणसाला काढून टाकणे म्हणजे उपचाराला संधीच नाकारणे होय. दर आठवड्याला उपचारासाठी तासभर सवलत देणे मोठ्या खर्चाचे नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. आजारामुळे दीर्घकाळ अडचण येत असेल तर कामाच्या पद्धतीत वाजवी फेरबदल मागण्याला या कायद्याचा आधार आहे. सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ओसीडी असलेल्या प्रत्येकाला ते मिळतेच असे नाही.

मुलाखतीत आजार सांगावा का, असा प्रश्न पालक विचारतात. माझे मत असे, की आजाराचे नाव सांगण्याची घाई करू नये. रुजू झाल्यावर, काम नेमके कशात अडते आणि कोणती एक-दोन गोष्टींची मदत हवी हे वरिष्ठांना लेखी सांगावे. हा मजकूर उपचारकाबरोबर बसून आधीच तयार करावा. उपचार सुरूच झाले नसतील, तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात जाता येते, आणि घरातून बाहेर पडणेच अवघड झाले असेल, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.