मावशी नाव शोधतात

[दृश्य: कलतं ऊन, कर्तव्यपथ, दुरून चालत येणारा गट]

इंडिया गेटपुढे फोटो काढून होतो पाच मिनिटांत. साताऱ्याहून आलेल्या या मंडळींनी मात्र अख्खी दुपार राखून ठेवलीय. वाट दाखवायला निवृत्त सुभेदार आहेत. त्यांची अट एकच, नावं वाचायची.

[दृश्य: कमानीवरची कोरीव अक्षरं, जवळून]

४२ मीटर उंचीची ही कमान एडविन लट्यन्स यांनी आखली. १९२१ मध्ये पायाभरणी, १९३१ मध्ये उद्घाटन. दगडावर ब्रिटिशांच्या काळात कामी आलेल्या तेरा हजारांहून जास्त सैनिकांची नावं.

“आमचे आजेसासरे कुठं असतील यात?”
“कुठल्या आघाडीवर होते?”
“कूतला.”
“मग इथं नाही मिळायचे, मावशी.”

कमानीवर नावं आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. कूत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. त्या आघाडीचा नुसता उल्लेख, वरच्या मजकुरात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेची पुणे डिव्हिजन कूतला १४७ दिवस वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर ज्यांना कबरही मिळाली नाही, त्यांचं स्मारक बसऱ्याला. तिथल्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, भारतीय शिपायांचा मात्र नुसता आकडा.

[दृश्य: नेताजींचा पुतळा, मागे राष्ट्रीय युद्ध स्मारक]

नेताजींच्या पुतळ्यावरच्या छत्रीपलीकडचं हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांचं. एकात एक चार चक्रं. आमचा कॅमेरा रेंगाळला तो त्यागचक्रात.

[दृश्य: ग्रॅनाइटच्या भिंती, त्यावरून फिरणारं बोट]

एका विटेवर एक माणूस. त्याचा हुद्दा, नाव, पलटण. शिपायाची वीट आणि मेजरची वीट एकाच मापाची. हे सुभेदार दोनदा सांगतात. मावशी ‘मराठा’ शोधत पुढे सरकतात. घरचं कुणी नाही यात, तरी.

[दृश्य: परमवीरांचे अर्धपुतळे]

एकूण २१. त्यांतले रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीतले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीर चक्र या पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्मानं युरोपातल्या, पण मराठी घरात आलेल्या.

[दृश्य: ज्योत]

१९७२ पासून इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये इथल्या ज्योतीत मिळवली. वादही झाला.

[दृश्य: संध्याकाळ]

रोज या वेळी एका हुतात्म्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. आज एक बाई आल्यात, सोबत शाळकरी मुलगा.

[इथून निवेदन नाही. फक्त बिगुल.]