ताप उतरला, तरी आजार संपत नाही

लहान मुलांच्या ‘कावासाकी आजारा’ला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांच्याकडे १९६१ साली टोकियोत चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप हटेना, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद आणि दाणेदार, अंगावर पुरळ. नंतर बोटांच्या टोकांची सालं निघाली. असे ५० रुग्ण त्यांनी १९६७ साली जपानी भाषेत मांडले. ही मुलं पूर्ण बरी होतात, असंच तेव्हा वाटत होतं. पुढे काही मुलं अचानक दगावली आणि शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या फुगलेल्या, आत गुठळी, असं दिसलं.

आपला प्रश्न इथूनच सुरू होतो. रोहिणी फुगवली कोणी? जंतू तर सापडत नाही. अँटिबायोटिक दिलं तरी ताप ढिम्म. एखाद्या संसर्गाने ठिणगी पडत असावी, काही मुलांची जनुकीय ठेवणही त्याला पूरक असावी. पण पुढची मोडतोड करते ती मुलाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा. आधी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूवर सर्वांत आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी, रोहिणीच्या भिंतीत शिरतात. जंतू मारायला ठेवलेली विकरं त्या तिथेच सोडतात. भिंतीला लवचीकपणा देणारा इलॅस्टिनचा थर त्यात तुटतो. मागून टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच दुसरी फळी, येतात. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ हे दाह भडकवणारे रासायनिक निरोप पेशींकडून सतत सुटत राहतात आणि दाह विझत नाही. थर तुटलेली भिंत रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट भरमसाट वाढतात, म्हणजे नेमक्या फुगवट्यात गुठळी व्हायची सोय!

पालकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो. हा ताप औषधाविनाही दोनेक आठवड्यांत उतरू शकतो. घरात सगळे निःश्वास सोडतात, आणि भिंत आतून खचलेली असते. उपचार न मिळालेल्या साधारण चारातल्या एका मुलाच्या रोहिणीवर परिणाम होतो. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, शिरेतून दिलं, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. डोस वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम. १२ किलोच्या मुलाला २४ ग्रॅम. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली ही प्रतिपिंडं. बिल पाहून बाप हादरतो, ते खोटं नाही. गंमत अशी की प्रतिकारयंत्रणेचंच हत्यार इथे तिला शांत करायला वापरतात. सोबत अ‍ॅस्पिरिन असतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत मात्र फसगत होते. ना धड पुरळ, ना लाल डोळे, नुसता ताप आणि किरकिर. आणि रोहिणीला धोका याच वयात जास्त. म्हणून कारण न सापडलेला ताप आठवडाभर टिकला, तर तान्ह्या बाळाची रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला डॉक्टर सांगतात. ते टाळू नका.

२०२० साली कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांत असाच भडका दिसला. ती मुलं वयाने मोठी होती आणि रोहिणीपेक्षा हृदयाच्या स्नायूला फटका जास्त होता. तिथेही दाह शमवणं हाच उपचार ठरला.

आणि हो, पालक लसीचंही विचारतात. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवर आणि कांजिण्यांची लस साधारण ११ महिने पुढे ढकलतात, कारण बाहेरून आलेली प्रतिपिंडं लसीतला जिवंत विषाणू रुजूच देत नाहीत. लसीच्या कार्डावर इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची तारीख लिहून घ्या.